पवईच्या काठावरून निघालेली वाट

पवईचा तलाव पहाटे पाहावा. साकीविहारच्या बाजूने धुके सरकत असते, जलपर्णीच्या हिरव्या पट्ट्यांमधून एखादा बगळा उठतो आणि काठावरच्या फरसबंदीवर फिरायला आलेल्यांची पावले वाजू लागतात. मुंबईला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून १८९१ साली हा तलाव बांधून पूर्ण झाला. पुढे त्याचे पाणी पिण्यास अयोग्य ठरले. तरी तलाव राहिला आणि त्याच्याभोवती एक गाव, मग एक उपनगर, मग जवळजवळ एक शहरच उभे राहिले. तिरंदाज, पासपोली, तुंगवे ही जुनी गावे. १९५८ साली स्थापन झालेली आयआयटी. टेकड्या फोडून उभारलेले हिरानंदानीचे उंच खांबांचे मनोरे. त्यांच्या पायथ्याशी चैतन्यनगर, फुलेनगर, फिल्टरपाडा. या सर्व वस्त्यांतील माणसे पहाटे या एका काठावर एकत्र येतात.

या फिरणाऱ्यांत काही जोड्या अशा असतात की, नवख्याचे लक्ष जाऊ नये. पण या भागात पंचवीसहून अधिक वर्षे वैद्यकीय व्यवसाय केलेल्या माणसाला त्या ओळखू येतात. सत्तरी ओलांडलेले वडील पुढे, त्यांच्या एक पाऊल मागे पंचेचाळिशीचा मुलगा. केस पिकलेले, शर्टाचे वरचे बटणही नीट लावलेले, हातात पाण्याची बाटली. किंवा पंच्याहत्तरीची आई आणि तिच्या कोपराला धरून चालणारी चाळिशीची लेक. कोण कोणाला सांभाळून नेत आहे हे दुरून सांगता येत नाही. जवळून पाहिले तरी कधीकधी सांगता येत नाही.

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांचे हे जग आहे. २०११ च्या जनगणनेत अशा व्यक्तींची देशातील नोंद सुमारे पंधरा लाख होती. पूर्वी त्यांना मतिमंद म्हणत, मग गतिमंद म्हणू लागले, आता बौद्धिक दिव्यांग म्हणतात. शब्द सुधारले हे चांगलेच झाले. परंतु एक शब्द अजून सुटलेला नाही, तो म्हणजे ‘मुले’. सत्तेचाळीस वर्षांच्या गृहस्थालाही आपण ‘विशेष मूल’ म्हणतो. मायेपोटी म्हणतो हे खरे. पण ज्याला आपण मूल म्हणतो, त्याच्या म्हातारपणाची तजवीज करण्याचे मात्र आपल्याला सुचत नाही.

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका वृद्ध मातोश्रींनी रक्तदाबाची पट्टी दंडावर असतानाच मला विचारले होते, “डॉक्टरसाहेब, एक वाईट बोलू का? देवाजवळ मी रोज मागते, की याला माझ्या आधी ने.” मुलगा शेजारच्या खुर्चीवर बसून पंख्याकडे पाहत होता. हे वाक्य मी त्यानंतर अनेक घरांत, अनेक शब्दांत ऐकले आहे. मनोऱ्याच्या विसाव्या मजल्यावर ऐकले आहे आणि तिरंदाजच्या बैठ्या घरातही. यात निर्दयता नाही. आपल्यानंतर याला कोण पाहणार, या प्रश्नाला ज्या समाजाने उत्तर दिलेले नाही, त्या समाजातील आईची ही प्रार्थना आहे.

दोन्ही घरांतील अडचण मात्र वेगवेगळी आहे. वस्तीत दार उघडे असते. मुलगा नाक्यापर्यंत गेला तर पानवाला त्याला ओळखतो, चुकला तर कोणीतरी हाताला धरून घरी आणून सोडतो. पण पैसा नसतो आणि जागा त्याहून नसते. मनोऱ्यात पैसा असतो, मदतनीस बाई असते, उद्वाहन असते. पण दार बंद असते. वडील रुग्णालयात दाखल झाले की, त्या बंद दारामागे अवघ्या चोवीस तासांत सगळी व्यवस्था कोलमडते. निवासी संस्थेची चौकशी बहुधा अशाच वेळी, अशाच घाईत सुरू होते आणि तीच सर्वांत वाईट वेळ असते.

चौकशी सुरू झाली की, वाट पवईपासून दूर जाते. येथील जमिनीचा भाव पाहता प्रशस्त अंगण असलेला आश्रम येथे कोणी बांधील, ही अपेक्षाच करता येत नाही. म्हणून कांजूरमार्गला गाडी धरायची, भांडुप, नाहूर, मुलुंड मागे टाकत ठाण्याला उतरायचे आणि तेथून बदलापूरची गाडी पकडायची. कल्याणनंतर गर्दी थोडी ओसरते. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ ही स्थानके जातात, इमारतींच्या मधून डोंगर दिसू लागतात आणि उल्हास नदीच्या खोऱ्यातील मोकळी हवा डब्यात शिरते. बदलापूर, कर्जत, मुळशी ही नावे अशा पालकांच्या तोंडी वारंवार येतात, कारण तेथे जागा परवडली. बदलापूरची ‘आधार’ ही संस्था तर अशा पालकांनीच एकत्र येऊन उभी केली. पुढे तिचे काम नाशिकपर्यंत पोहोचले. सरकारची वाट न पाहता, आपल्यानंतर आपल्या मुलांना एकमेकांनी सांभाळावे, या विचारातून मध्यमवर्गीय मराठी माणसांनी केलेले हे काम आहे.

या प्रवासाला एक किंमत असते. जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. साठीतील पालक महिन्यातून दोनदा जातात. सत्तरीत महिन्यातून एकदा. गुडघे गेले की, सणासुदीला. पालकांनंतर भाऊ-बहिणी वर्षातून एकदा जातात. संस्थेतील माणूस तेथेच असतो, त्याच्याकडे येणारी पावले मात्र कमी होत जातात. निवासी काळजीच्या दर्जाविषयी मला जे काही कळले आहे, त्याचा गाभा एवढाच आहे: ज्या दाराने बाहेरची माणसे वरचेवर आत-बाहेर करतात, त्या दाराच्या आत सहसा अत्याचार टिकत नाही.

याच्या उलट जेथे झाले, तो इतिहास आपल्या राज्यातच आहे. पवईहून फार दूर नसलेल्या मानखुर्द येथे १९४१ साली बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी गृह सुरू झाले. देशातील अशा आरंभीच्या प्रयत्नांपैकी तो एक. त्यानंतरच्या दशकांत संस्था वाढल्या, देखरेख मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय गृहातील मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. कारण सांगितले गेले ते मासिक पाळीतील स्वच्छतेचे. गर्भाशयात कोणताही रोग नव्हता. कमतरता होती ती मनुष्यबळाची, प्रशिक्षणाची आणि साध्या सोयींची. राज्यभरातील स्त्री संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. पुढे कळंबोलीच्या एका बालगृहातील अत्याचार २०११ मध्ये उघडकीस आले आणि २०१३ मध्ये न्यायालयाने संस्थेच्या प्रमुखासह काही जणांना दोषी ठरवले. त्या मुली बोलू शकत नव्हत्या किंवा त्यांचे बोलणे कोणी ऐकत नव्हते. त्यांना भेटायलाही कोणी येत नव्हते.

गरिबीमुळेच असे घडते, असा समज कोणी करून घेऊ नये. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळील विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात एका व्यक्तीमागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड आकारले जात. २०११ मध्ये बीबीसीच्या वार्ताहराने तेथे कर्मचारी म्हणून नोकरी धरून गुप्तपणे चित्रीकरण केले, तेव्हा रुग्णांना होणारी मारहाण आणि छळ जगासमोर आला. पुढे अकरा कर्मचारी दोषी ठरले. तपासणी करणारी सरकारी यंत्रणा तेथेही होती. तेव्हा भारी शुल्क, चकचकीत फरशी आणि भिंतीवरील प्रमाणपत्र या तीन गोष्टींवरून दर्जा ठरवू नये.

दर्जा कशात असतो, हे दाखवणारी उदाहरणेही महाराष्ट्रातच आहेत. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात कोळवण येथे १९९४ साली ‘साधना व्हिलेज’ सुरू झाले. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळ डॉ. कार्ल क्योनिग यांनी १९४० च्या सुमारास सुरू केलेल्या कॅम्पहिल वसाहतींची प्रेरणा त्यामागे आहे. तेथे प्रौढ व्यक्ती मोठ्या शयनगृहात न राहता घरासारख्या लहान गटांत राहतात, हाताला काम असते आणि आजूबाजूच्या गावांशी संस्थेचे देणे-घेणे असते. एका खोलीत तीस खाटा असलेल्या ठिकाणी माणसाचा दिवस घंटेनुसार चालतो. लहान घरात तो माणसानुसार चालू शकतो, हा त्यामागील साधा हिशेब आहे.

दुसरे उदाहरण विदर्भातील. अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या शंभराहून अधिक दिव्यांग मुलांना आपले नाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्या सन्मानाहून मला त्यांची जुनी मागणी मोलाची वाटते. बालगृहाच्या कायद्यानुसार अठरा वर्षे पूर्ण झाली की, मुलाने बाहेर पडायचे असते. जो स्वतःचे नाव सांगू शकत नाही, ज्याला घर नाही, तो अठराव्या वाढदिवशी कोठे जाणार? अशा मुलांना अठरा वर्षांनंतरही त्याच घरी राहू द्यावे, असे शंकरबाबा वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. घर म्हणजे जेथून वयाच्या दाखल्यावर बाहेर काढले जात नाही ती जागा, एवढी साधी व्याख्या त्यांच्या कामातून मिळते.

आता वैद्य म्हणून दोन गोष्टी सांगतो. इंग्लंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चौकशीत असे दिसले की, बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष इतरांपेक्षा सरासरी १३ वर्षे आणि स्त्रिया २० वर्षे आधी मरण पावत होत्या. मूळ अक्षमतेने हे मृत्यू झाले असे म्हणून भागत नाही. आजार वेळेवर ओळखले गेले नाहीत, तपासण्या लांबल्या, हे त्यातील अनेक मृत्यूंमागे होते. आपल्याकडेही मी हेच पाहतो. एक गृहस्थ अचानक जेवण नाकारू लागले आणि स्वतःच्या गालावर थपडा मारू लागले. एका ठिकाणी त्यांना शांत करण्याचे औषध वाढवून देण्यात आले. तोंड उघडवून पाहिले तेव्हा दाढेत पू झालेला होता. ज्याला दुखणे सांगता येत नाही, तो ते वागण्यातून सांगतो. वागणे बदलले की आधी दात, कान, पोट, लघवी, डोळे तपासावेत. मनाची औषधे त्यानंतर.

बद्धकोष्ठता हा शब्द हसण्यावारी नेला जातो, पण या व्यक्तींमध्ये तो जिवावर बेतू शकतो. डाउन सिंड्रोम असलेल्यांना थायरॉईडची तपासणी दरवर्षी हवी, डोळे आणि कान यांचीही वेळोवेळी हवी. त्यांच्यात स्मृतिभ्रंश चाळिशी-पन्नाशीतच सुरू होऊ शकतो. आकडीची काही औषधे वर्षानुवर्षे घेतल्याने हाडे ठिसूळ होतात, हिरड्या सुजतात. शांत ठेवण्याच्या औषधांनी वजन आणि रक्तातील साखर वाढते. ही औषधे का चालू आहेत आणि कधी कमी करता येतील, हे कोणीतरी ठरावीक काळाने विचारले पाहिजे.

म्हणून संस्था पाहायला जाल तेव्हा कार्यालयात चहा घेऊन परत फिरू नका. शक्य तर दुपारी चारच्या सुमारास जा. सकाळच्या कार्यक्रमांचा उत्साह तेव्हा उतरलेला असतो आणि खरा दिवस दिसतो. माणसे ओळीने भिंतीला टेकून बसली आहेत, की कोणी कणीक मळतो आहे, कोणी कपड्यांच्या घड्या घालतो आहे, कोणी वाद घालतो आहे? वाद ऐकू आला तर समाधान माना. जेथे ‘नको’ म्हणता येते ती जागा बरी. न्हाणीघराला आतून कडी आहे का, हे पाहा. अंगावरचे कपडे ज्याचे त्याचे आहेत, की एका ढिगातून वाटलेले? कर्मचारी त्या व्यक्तीशी बोलतात, की तिच्या डोक्यावरून तुमच्याशी? रात्री किती जण जागे असतात आणि स्त्रियांच्या विभागात रात्री कोण असते, हे स्पष्ट विचारा. वजनाची नोंद दरमहा होते का, औषधांची वही पाहायला मिळेल का, गेल्या वर्षी किती कर्मचारी सोडून गेले, मागचे आजारपण कोणाचे होते आणि त्याला कोठे नेले, हेही विचारा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे न कळवता भेटायला आलो तर चालेल का, असे विचारून उत्तर देणाऱ्याचा चेहरा पाहा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार अशा संस्थेला नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणीपत्राची मुदत तपासावी. अनामत रक्कम, पालकांच्या मृत्यूनंतरचे शुल्क, संस्था बंद पडल्यास काय, हे सारे लेखी घ्यावे.

घरातील तयारीही तितकीच आवश्यक आहे. मुलगा अठरा वर्षांचा झाला की, आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याच्या दृष्टीने संपते, हे अनेकांच्या गावीही नसते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमू शकते. मुंबई उपनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. नेमलेल्या पालकाला मालमत्तेची यादी सहा महिन्यांत द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो. त्यामुळे भावंडांतील संशयालाही थोडा आळा बसतो. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते आणि त्यासाठी आधी वैद्यकीय चाचणी लागत नाही. निवृत्त शासकीय कर्मचाऱ्यांनी दिव्यांग अपत्याच्या आजीवन कुटुंब निवृत्तिवेतनाची नोंद आपल्या हयातीतच करून घ्यावी.

याशिवाय एक दोनशे पानी वही आणावी आणि तीत त्या व्यक्तीची ओळख लिहून ठेवावी. औषधे आणि आजार तर लिहाच. पण चहात साखर किती, भीती कशाची, पोट दुखले की तो काय करतो, पाळी आली की ती कशी वागते, झोप येत नसेल तर कोणते गाणे लावायचे, रागावला तर किती वेळ एकटे सोडायचे, हेही लिहा. चाळीस वर्षे आईच्या डोक्यात साठलेले हे ज्ञान तिच्याबरोबर जाऊ नये. कोणत्याही रुग्णालयाच्या कागदांपेक्षा ही वही त्या व्यक्तीच्या अधिक उपयोगी पडेल.

आणि घाई करू नये म्हणूनच उशीर करू नये. पालक साठ-पासष्टीचे आणि हिंडते-फिरते असताना आठवड्यापुरते, मग महिन्यापुरते राहणे सुरू करावे. राष्ट्रीय न्यासाची ‘समर्थ’ योजना अशा तात्पुरत्या निवासासाठी आणि ‘घरौंदा’ ही आजीवन निवासासाठी आखण्यात आली होती. आई जिवंत असताना, दर रविवारी ती येते आणि परत जाते हे पाहत जो नव्या घराला सरावतो, त्याला ते घर वाटू शकते. आईच्या तेराव्यानंतर ज्याला गाडीत बसवून नेले जाते, त्याला एकाच वेळी आई, घर, अंथरूण आणि ओळखीचा रस्ता, सगळेच गमवावे लागते. मग तो रडतो तेव्हा त्याला ‘त्रास देतो’ असे म्हटले जाते.

राहता राहिला पवईचा प्रश्न. आश्रमासाठी येथे जमीन नाही हे मान्य. पण चार-पाच प्रौढ, दोन प्रशिक्षित कर्मचारी आणि एक सदनिका, एवढ्यातही घर होते. जगात अनेक ठिकाणी असेच होते. त्यासाठी लागतात ते एकत्र येणारे चार पालक आणि हरकत न घेणारी गृहनिर्माण संस्था. पालक सापडतील, पहाटे काठावर ते एकमेकांना रोज भेटतातच. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत मात्र तुमच्या-माझ्यासारखे बसतात. असा प्रस्ताव कधी आला आणि कोणी ‘लहान मुले घाबरतील’ असे म्हणाले, तर एकाने तरी उठून सांगावे, की या माणसाला आम्ही चाळीस वर्षे ओळखतो, तो येथलाच आहे.